एक लाख आठ हजार ठोकळे: सिंधुदुर्गाची तटबंदी खेळात उभी करताना

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले. त्यांत सिंधुदुर्ग आहे, आणि मालवणच्या किनाऱ्यावर वाढणाऱ्या पोरांना तो रोज समोर दिसतो. त्या वर्षीच्या दिवाळीच्या सुट्टीत आमच्या वाचनालयाच्या संगणक खोलीत येणाऱ्या आठवी ते दहावीच्या मुलांनी ठरवलं, की अंगणात मातीचा किल्ला तर होईलच, पण यंदा खऱ्या मापाचा सिंधुदुर्ग लुआंटीत उभा करायचा. एक ठोकळा म्हणजे एक मीटर. हे प्रकरण त्या किल्ल्याच्या तटबंदीचं आहे. किल्ला पुरा झाला की नाही यापेक्षा, काम मध्येच का अडलं आणि कशामुळे पुन्हा सुरू झालं, ते सांगण्याजोगं आहे.

लुआंटी ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: हा ठोकळ्यांनी जग बांधायचा फुकट, मुक्त स्रोत संगणक-प्रोग्राम आहे. २०१० पासून तो मायनटेस्ट या नावाने ओळखला जायचा, ऑक्टोबर २०२४ मध्ये नाव बदललं. जुन्या मशीनवर चालतो आणि इंटरनेट नसतानाही एका संगणकाला सर्व्हर करून बाकीचे त्याच वायफायवर जोडता येतात. शिवाय त्यात लुआ या संगणकाच्या भाषेत छोटे प्रोग्राम लिहून नवी हत्यारं बनवता येतात. आमच्या खोलीसाठी हे सगळंच सोयीचं होतं.

आता हिशोब बघा. सिंधुदुर्गाची तटबंदी सुमारे तीन किलोमीटर लांब, तीस फूट उंच आणि बारा फूट रुंद सांगितली जाते. मीटरमध्ये धरलं तर ३००० लांब, ९ उंच, ४ जाड, म्हणजे १,०८,००० ठोकळे. लुआंटीत बटण दाबून धरलं तर पाव सेकंदाला एक ठोकळा बसतो. बोट एकदाही न उचलता, एकदाही न चुकता बसवत गेलं तर साडेसात तास. प्रत्यक्षात माणूस चालतो, वळतो, पडतो, ठोकळा भलत्या जागी बसवतो, तो काढतो. चारपट वेळ धरला तरी कमीच. आणि हे नुसत्या तटाचं झालं. बुरूज बेचाळीस आहेत.

मुलांनी तट वाटून घेतला. प्रत्येकाला एक तुकडा. पहिल्या आठवड्यात उत्साह दांडगा होता, मग एकेक जण गळायला लागला. गळाले कोण, हे मी नीट पाहत होते. दरवाजाचं काम करणारी तिघं शेवटपर्यंत टिकली. गोड्या पाण्याच्या विहिरी, दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव, ज्यांच्याकडे होत्या तेही टिकले. शिवराजेश्वराचं देऊळ करणारी मुलगी तर वेळ संपल्यावरही उठत नव्हती. गळाले ते सगळे तटाच्या लांबलचक तुकड्यांवरचे. दरवाजावाल्यांनी ठोकळे काही कमी बसवले नव्हते. पण त्यांच्या प्रत्येक दहा-वीस ठोकळ्यांमागे काहीतरी ठरवायचं होतं: इथे वळायचं, इथे कमान, इथे पहारेकऱ्याची देवडी. तटावरच्या मुलाने पहिल्या पाच मिनिटांत जे ठरवलं होतं, तेच तो पुढे तासन्‌तास हाताने पुन्हा पुन्हा सांगत होता. कंटाळा ठोकळ्यांच्या संख्येचा नव्हता, ठरलेली गोष्ट परत परत ठरवण्याचा होता. पुढे आम्ही जे काही केलं ते या एका निरीक्षणावर उभं आहे.

ठोकळ्यांच्या खेळांत सोयी करणारे लोक बहुधा वेग वाढवायच्या मागे लागतात. एका टिचकीत एकाऐवजी तीन ठोकळे, नऊ ठोकळे. त्याने बोटाला आराम मिळतो, डोक्याला मिळत नाही. सुटका व्हायची असेल तर ठरलेली गोष्ट एकदाच सांगता आली पाहिजे, आणि ती ज्या मापात ठरते त्याच मापात. तट 'ठोकळ्यांत' ठरत नाही. तट ठरतो तो 'या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत, एवढा जाड, एवढा उंच' असा.

पहिला उपाय: वर्ल्डएडिट

सगळेच करतात तो पहिला उपाय आम्हीही केला. वर्ल्डएडिट हे लुआंटीसाठीचं जुनं, भरवशाचं हत्यार आहे. दोन कोपरे खुणावायचे आणि मधली सगळी जागा एका आज्ञेने भरायची. एखादा तुकडा बांधून तो एका दिशेने हवा तितक्या वेळा पुढे रचायचा. फिरवायचा, उलटा करायचा, फाइलमध्ये ठेवायचा. माइनक्राफ्ट या ठोकळ्यांच्याच खेळात याच कामासाठी फिल नावाची आज्ञा आहे. सरळ भिंतीला हे पुरेपूर आहे.

पण सिंधुदुर्गात सरळ भिंत आहे कुठे? कुरटे बेटाच्या खडकाच्या कडेकडेने तट नागमोडी जातो. किनाऱ्यावरून होडीने जाताना दरवाजा अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाही, तो दोन बुरुजांच्या आड वळवून घेतलेला, गोमुखी बांधणीचा आहे. २५ नोव्हेंबर १६६४ ला पाया घातला तेव्हा बांधणाऱ्यांनी खडक जिथे नेईल तिथे तट नेला. वर्ल्डएडिटचं सगळं जग मात्र काटकोनात आहे. तुकडा फिरवायचा तर नव्वद अंशांतच फिरतो. मुलांनी पंधरा-वीस मीटरचे छोटे चौकोन पायऱ्यांसारखे जोडून वळण साधायचा प्रयत्न केला. लांबून बरं दिसलं. जवळ गेल्यावर तट करवतीच्या दात्यांसारखा दिसायला लागला, आणि दर दात्याला पुन्हा दोन कोपरे खुणावणं आलंच. काम कमी झालं होतं, कंटाळा तेवढाच होता.

दुसरा उपाय: रेघ

मग आम्ही स्वतःचं हत्यार करायला घेतलं. ओपनस्ट्रीटमॅप या खुल्या ऑनलाइन नकाशावर किल्ल्याची बाह्यरेषा आहे. तिच्यावरून मुलांनी कोपऱ्यांचे अक्षांश-रेखांश उतरवले. ते मीटरमध्ये बदलताना एक गोष्ट सांभाळावी लागते. मालवणच्या अक्षांशावर, साधारण १६ अंशांवर, अक्षांशाचा एक अंश ११०.७ किलोमीटरच्या आसपास भरतो, पण रेखांशाचा एक अंश १०७ किलोमीटरच. दोन्ही सारखे धरले तर किल्ला पूर्व-पश्चिम तीन-चार टक्के ताणला जातो. नुसत्या डोळ्यांना हे कळत नाही, पण तट आणि विहिरी वेगवेगळ्या जणांनी वेगवेगळ्या पद्धतीने मोजल्या की एकमेकांशी जुळत नाहीत. दुसरी गोष्ट दिशांची. जागेच्या तीन आकड्यांपैकी झेड हा आकडा लुआंटीत वाढला की उत्तर, माइनक्राफ्टमध्ये झेड वाढला की दक्षिण. माइनक्राफ्ट खेळून आलेल्या मुलाने सवयीने आकडे भरले तर किल्ला आरशात पाहिल्यासारखा उलटा येतो.

दोन बिंदूंमध्ये ठोकळ्यांची रेघ ओढायची जुनी युक्ती आहे. जॅक ब्रेसनहॅम यांनी १९६२ मध्ये आयबीएममध्ये असताना प्लॉटरसाठी, म्हणजे कागदावर रेघा काढणाऱ्या यंत्रासाठी, ती काढली, १९६५ मध्ये ती छापून आली. आम्ही ती लिहिली आणि रेघेला एका बाजूने चार ठोकळे जाडी दिली. सरळ जाणाऱ्या तटावर सुरेख. तिरक्या तटावर मात्र जाडी कमी भरायला लागली. पंचेचाळीस अंशांत वळलेली भिंत आडव्या मापाने चार ठोकळे असली तरी काटकोनात मोजली तर २.८ मीटरच भरते. आणि जिथे तट एका दिशेकडून दुसरीकडे वळतो त्या सांध्यावर बाहेरच्या अंगाला खाच पडते. एका मुलाने त्या खाचेतून आत शिरून दाखवलं.

दोरी

इथे कामाला वेगळं वळण मिळालं ते एका मुलीच्या वडिलांमुळे. ते गवंडी आहेत, जांभ्या चिऱ्याची घरं बांधतात. मुलीला न्यायला आले होते, पडद्यावर पाहत उभे राहिले. मुलं तिरका तट आधी नऊ ठोकळे उंच उचलत होती, मग चुकला म्हणून पाडत होती. ते एवढंच म्हणाले, "अरे, पयली दोरी लावा, मगे चिरो."

चिरेखाणीतून येणारा चिरा एकाच मापात कापलेला असतो. चिऱ्याचं घर म्हणजे खरोखरच ठोकळ्यांचं बांधकाम. तिथे कुणी चिरा बसवून मग भिंत सरळ आली का ते बघत नाही. जमिनीवर आखणी होते, खुंट्या ठोकून दोरी ताणली जाते, चालून बघितली जाते, मालक येऊन दार दोन फूट सरकवायला सांगतो, दोरी सरकते. दोरी सरकवायला काही खर्च पडत नाही. मग पहिला थर, मग ओळंबा.

आमच्या हत्यारात ही पायरीच नव्हती. ते सगळं एकदम करत होतं. म्हणून आम्ही ते तीन आज्ञांमध्ये तोडलं. 'आखणी' म्हटलं की जमिनीवर पिवळ्या लोकरीच्या ठोकळ्यांचा एकच थर उमटतो. 'उचल' म्हटलं की त्याच आखणीवर तट उभा राहतो. 'पुस' म्हटलं की शेवटचं काम होतं तसं मागे जातं. आज्ञा रोमन अक्षरांत टाइप कराव्या लागतात, कारण लुआंटीत देवनागरीच्या वेलांट्या-मात्रा नीट जुळून दिसत नाहीत. हे मला मनापासून खटकतं. मराठी पोरांच्या हाती द्यावं असं इतकं चांगलं हत्यार आहे, तर त्यात मराठी नीट दिसायला हवी.

'पुस'ची गरज कमी समजू नका. वर्ल्डएडिटच्या लुआंटीतल्या आवृत्तीत, आम्ही वापरत होतो तीत, मागे फिरायची तयार सोय नव्हती. आधी जागा फाइलमध्ये जपून ठेवायची, बिघडलं तर परत आणायची, असं करावं लागे. मुलं ते विसरत. परत फिरता येत नाही म्हटल्यावर मोठी आज्ञा द्यायला हात धजत नाही, आणि मग माणूस पुन्हा एकेक ठोकळा बसवायला लागतो. आमच्या हत्याराने बदल करण्याआधी प्रत्येक जागी काय होतं त्याची यादी ठेवायला सुरुवात केली आणि दोनच दिवसांत मुलं धीटपणे शंभर-शंभर मीटर तट उचलून बघायला लागली.

अंतराचं सूत्र

जाडीचं आणि खाचेचं दुखणं एका मुलानेच मिटवलं. दहावीच्या गणित भाग २ मध्ये निर्देशक भूमितीत दोन बिंदूंमधलं अंतर काढायचं सूत्र आहे. तो म्हणाला, "ताई, रेघ ओढायचीच कशाला? प्रत्येक ठोकळ्याला विचारूया, तू रेघेपासून किती लांब आहेस?"

करायचं एवढंच. तटाचा एक तुकडा, अ पासून ब पर्यंत. आजूबाजूच्या चौकोनातला प्रत्येक ठोकळा घ्यायचा. त्याच्यापासून अब वर लंब टाकायचा. लंबाचा पाय अ च्या मागे पडला तर अ पासूनचं अंतर, ब च्या पुढे पडला तर ब पासूनचं, मध्ये पडला तर लंबाची लांबी. हे अंतर १.८३ किंवा त्याहून कमी असेल तर ठोकळा तटात, नाहीतर बाहेर. बारा फुटांचा निम्मा म्हणजे सहा फूट, १.८३ मीटर.

यात एक बारकावा आहे, तो पहिल्या चाचणीत लगेच दिसला. लुआंटीत ठोकळ्याचा मध्य पूर्ण आकड्यावर असतो. तटाची रेघही पूर्ण आकड्यावरून नेली तर १.८३ च्या आत फक्त तीन ठोकळे बसतात: मधला आणि दोन्ही बाजूंचा एकेक. कोपऱ्याच्या आकड्यांत अर्धा मिळवला की रेघ दोन ठोकळ्यांच्या शिवेवरून जाते आणि दोन्ही अंगांना दोन-दोन, असे बरोबर चार बसतात. पंचेचाळीस अंशांत वळलेल्या तटाची जाडी आता सुमारे साडेतीन भरते. सरळ तटाचे चार आणि तिरक्याचे साडेतीन, डोळ्याला फरक जाणवत नाही.

सांध्यावरची खाच आपोआप गेली, कारण दोन्ही तुकड्यांच्या टोकांना अंतराचं वर्तुळ येतं आणि ती दोन वर्तुळं एकमेकांवर बसतात. आणि बुरूज? बुरूज म्हणजे तटावरचा असा बिंदू, ज्याच्यापाशी १.८३ ऐवजी ६ चालतात. बिंदूंच्या यादीत एक रकाना वाढवला आणि बेचाळीस बुरूज त्याच सूत्राने उभे राहिले. हा क्षण त्या खोलीत फार मोठा होता. ज्या मुलांना तटाच्या कामाचा वीट आला होता ती आता यादीतला एकेक आकडा बदलून, 'आखणी' करून, पिवळ्या थरावरून चालून बघत होती. एका मुलीच्या लक्षात आलं की दरवाजाची वाट दोन बुरुजांमध्ये फारच रुंद राहिली आहे, आत वळण घेतल्यासारखं वाटतच नाही. तिने एक बुरूज तीन मीटर सरकवला, पुन्हा चालली, मग 'उचल'.

तटाच्या माथ्यावरच्या चर्या, म्हणजे कठड्याचे दाते, त्याही याच मार्गाने आल्या. पहिल्या बिंदूपासून तटाच्या कडेने किती अंतर झालं ते मोजत जायचं आणि दर तीन मीटरला एक जागा मोकळी सोडायची. मोजणी प्रत्येक तुकड्याला नव्याने सुरू केली तर सांध्यावर दोन चर्या चिकटतात, म्हणून ती सलग चालू ठेवावी लागते.

वेगाबद्दल थोडं, कारण जुन्या मशीनवर ते महत्त्वाचं आहे. लुआंटीत एकेक ठोकळा वेगळा बसवला तर प्रत्येक वेळी उजेड-सावलीचा हिशोब नव्याने होतो, आणि हजारो ठोकळ्यांना सर्व्हर अडखळतो. त्याऐवजी एक मोठा भाग एकदम मेमरीत उचलायचा, त्यात सगळे बदल करायचे आणि एकदाच परत ठेवायचा. याला व्हॉक्सेलमॅनिप म्हणतात. लुआंटी जग १६ × १६ × १६ च्या खणांत, म्हणजे ४०९६ ठोकळ्यांच्या गठ्ठ्यांत साठवतं, त्यामुळे हे उचलणं-ठेवणं त्याच्या अंगवळणी पडलेलं आहे. पूर्ण किल्ला एकदम उचलायच्या फंदात पडू नये. तुकड्यामागून तुकडा घ्यावा. आणि ज्या भागात अजून कुणी गेलेलं नाही तो आधी तयार करून घ्यावा, नाहीतर मागाहून तयार होणारी जमीन तटावर चढू शकते.

हाताला काय उरलं

वाचनालयात येणाऱ्या एका निवृत्त गुरुजींनी रास्त प्रश्न विचारला होता: सगळं संगणकानेच केलं तर पोरांनी काय केलं? मी त्यांना तट उचलून झाल्यावरचा किल्ला दाखवला. तो निर्जीव होता. एकाच दगडाचा, एकसारखा, जणू कालच बांधलेला. मुलांनाही तो आवडला नव्हता. त्यांनी आधी वर्ल्डएडिटने साधा दगड आणि शेवाळलेला दगड अंदाजे मिसळून टाकले. त्याने तट ठिपकेदार झाला, जुना झाला नाही. मग ती पोरं खऱ्या तटाचे फोटो काढून आली. समुद्राचं पाणी लागतं तिथे रंग वेगळा, वर वेगळा, झाडाच्या मुळ्या शिरल्यात तिथे आणखी वेगळा. शेवटी शेवाळ उंचीवर बेतलं: पाण्यापाशी दाट, चार ठोकळ्यांच्या वर जवळजवळ नाही. मुळ्या, पडझड, फांजीवर (तटाच्या माथ्यावरच्या वाटेवर) चढणारे जिने, हे सगळं हाताने. दरवाजा पूर्ण हाताने. दरवाजाजवळच्या घुमट्यांमध्ये महाराजांच्या हाताचा आणि पायाचा ठसा आहे असं मानतात. एक मीटरच्या ठोकळ्यात हाताचा ठसा मावत नाही. मुलांनी घुमट्या केल्या आणि आत पाटी लावली. गुरुजींनी ती पाटी वाचली आणि अक्षर सुधारून लिहायला सांगितलं.

गेलेल्यांपैकी बहुतेक मुलं परत आली. सगळी नाही. एकाला क्रिकेट जास्त प्रिय होतं, आणि त्याला कुठलंच हत्यार परत आणू शकलं नसतं.

अडचणी उरल्या आहेत. एकाच वेळी दोघांनी शेजारचे तुकडे उचलले तर सांध्यावरच्या ठोकळ्यांची 'पुस' यादी गोंधळते, दुसऱ्याचं पुसताना पहिल्याचं थोडं जातं. सध्या एका वेळी एकच जण 'उचल' म्हणतो, बाकीचे आखणीवर चालतात. हत्यार वापरायची परवानगी कुणाला, यावरूनही वाद झाले. आता ज्याने एक बुरूज हाताने पूर्ण केला त्याला परवानगी, असा नियम मुलांनीच केला आहे, आणि मला तो पटतो. हाताने एकदा केलेलं असलं की आकडा बदलताना तो कशाचा आकडा आहे ते माहीत असतं.

पुढचा किल्ला विजयदुर्ग ठरला आहे. तिथे तटबंदी तिहेरी आहे आणि जमीन चढती. बिंदूंच्या तीन याद्या कराव्या लागतील, आणि उंचीचा रकाना समुद्रसपाटीपासून न मोजता त्या-त्या बिंदूच्या जमिनीपासून मोजावा लागेल, नाहीतर चढावर तट बुटका होईल. दोन बिंदूंमध्ये जमीन उतरती असेल तर तटाचा माथा तिच्याबरोबर उतरवायचा की पायऱ्यांनी तोडायचा, यावर अजून एकमत नाही. मुलं तिकडे जाऊन माथा कसा उतरतो ते बघून येणार आहेत, गवंडीकाकांना बरोबर घेऊन.